कोरडा वाख

माझं काम तोडायचं. कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी एकतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो आणि माझ्या ताब्यात चाळीस टनी मशीन होतं. त्याच्या दोन जबड्यांत वस्तू धरायची, ती तुटेपर्यंत ओढायची आणि किती किलोला तुटली ते वहीत लिहायचं. सळया, साखळ्या, वेल्डिंगचे तुकडे, एकदा तर एका तालमीचा मल्लखांबाचा दोर. तुटली की माझा संबंध संपला. माझी बायको कालिंदी म्हणते की तुमच्या स्वभावाला हेच काम शोभतं. मी तिच्याशी वाद घालत नाही, कारण ती शाळेत मास्तरीण आहे आणि तिला वाद घालायचा पगार मिळतो.

या मशीनबद्दल एकच सांगण्यासारखं आहे. ते खोटं बोलत नाही. माणसाला विचारलं, तुझी सळई किती ताण घेईल, तर तो आपल्या ऐपतीप्रमाणे आकडा सांगतो. मशीन सळई तोडून दाखवतं. प्राचार्यांचा भाचा असो की वॉचमनचा मुलगा, आकडा तोच. एकतीस वर्षांत मी एकही आकडा बदललेला नाही, आणि बदला म्हणणारी माणसं कमी आली नाहीत.

म्हणून गेल्या मे महिन्यात विश्वजित सर माझ्या तोंडावर ‘तुमचं मशीनच बिघडलंय’ असं म्हणाले, तेव्हा मला राग आला. तो अजून आहे.

झालं ते असं. विश्वजित सरांच्या हाताखाली कोडोलीची तेजस्वी पीएच.डी. करत होती. विषय अंबाडीचा. अंबाडीची भाजी सगळ्यांना माहीत असते, पण तिच्या खोडाची साल पाण्यात कुजवली की लांबच लांब तंतू निघतात, त्याला वाख म्हणतात. वाखाचे दोर करतात. तेजस्वी म्हणत होती की प्लास्टिकच्या राळेत काचेचे तंतू घालून जे पत्रे करतात, बसच्या सीटा, ट्रॅक्टरची टपं, त्यात काचेऐवजी वाख घालायचा. काच परदेशी, महाग आणि अंगाला खाजणारी. वाख शेतातला.

अडचण एकच होती. वाखावर जन्मजात एक मेणचट थर असतो. राळ त्याला धरत नाही, सुटते. मग वाख कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात चार तास बुडवायचा. थर निघून जातो, तंतू खरबरीत होतो आणि राळ त्याला घट्ट चिकटते. भिंत गुळगुळीत असली की गिलाव्याआधी गवंडी तिला टाचे मारतो, त्यातलाच प्रकार. एवढ्या साध्या गोष्टीवर सहा वर्षं कशी काढायची हे मला आधी कळलं नव्हतं. नंतर कळलं की साध्या गोष्टीवरच निघतात.

तिच्या आधीच्या पट्ट्या मीच तोडल्या होत्या. साध्या वाखाची पट्टी तीनशे ऐंशी किलोला तुटायची, सोड्यातल्या वाखाची पाचशे वीसला. हे आकडे एका परिषदेत वाचून झाले होते, टाळ्याही झाल्या होत्या. पण तो वाख पावशेरभर, इथंच प्रयोगशाळेत बुडवलेला, भट्टीत वाळवलेला. शेवटच्या प्रकरणासाठी मोठे पत्रे करायचे होते. त्याला सहा किलो वाख लागणार होता. एवढा वाळत घालायला कॉलेजात जागा नव्हती, म्हणून तेजस्वीने तो कोडोलीला घरीच केला. गोठ्यामागं निळ्या पिंपात बुडवला, विहिरीच्या पाण्यानं सात वेळा धुतला आणि तारेवर सावलीत वाळवला. अंबाडीही घरचीच होती.

त्या पत्र्यांच्या पट्ट्या मे महिन्याच्या मध्याला माझ्याकडे आल्या. पहिली दोनशे नव्वदला तुटली. दुसरी दोनशे पंच्याहत्तरला. सहाच्या सहा पट्ट्या तीनशेच्या आत गेल्या. म्हणजे सोडा लावून वाख होता त्यापेक्षा कमजोर झाला. सहा वर्षांच्या कामाच्या बरोबर उलट.

तेजस्वी मशीनसमोर उभी होती. तिची नोंदणी दोनदा वाढवून झाली होती आणि एकतीस जुलैनंतर विद्यापीठ आणखी एक दिवस देणार नव्हतं. त्याआधी प्रबंध गेला नाही तर सहा वर्षं केराच्या टोपलीत. ती म्हणाली, “काका, परत एकदा बघता?” मी म्हटलं, तुटलेली पट्टी परत कशी बघणार. हे मी जरा जास्त कोरडेपणानं म्हटलं, ते मला नंतर खात राहिलं.

विश्वजित सर आले, त्यांनी आकडे पाहिले आणि मघाचं ते वाक्य म्हटलं. मग तेजस्वीला बाजूला घेऊन म्हणाले की जुने आकडे आहेतच, थोडे इकडंतिकडं करून शेवटच्या प्रकरणात घाल, मशीन जुनं आहे, कुणी विचारणार नाही. बाजूला घेऊन म्हणाले खरं, पण त्यांचा आवाज लेक्चरचा आहे. नाचता येईना अंगण वाकडं. मी म्हटलं, “सर, मशीन तपासून घेऊ. चुकलं असेल तर मी राजीनामा देतो.” मला निवृत्तीला सात महिने राहिले होते, त्यामुळे त्या राजीनाम्याला फार वजन नव्हतं. पण मी तो मनापासून बोललो होतो.

तेजस्वी म्हणाली, “सर, खोटे आकडे मी न्हाई घालणार.” चिडली की तिच्या तोंडी कोडोली येते.

सांगलीहून मशीन तपासणारा माणूस आला. तो दिवसभर मशीनला आपली उपकरणं लावून बसला आणि संध्याकाळी कागद दिला. चूक अर्ध्या टक्क्याच्या आत. नव्या मशीनचीही याहून जास्त असते, असं तो स्वतःहून म्हणाला. तो कागद मी मशीनच्या वर भिंतीला चिकटवला. विश्वजित सरांच्या नजरेच्या उंचीवर चिकटवायला मला स्टूल लागलं.

मशीन निर्दोष सुटलं, पण पोरगी अडकलेलीच होती. राळ जुनी आहे का ते पाहिलं. नवीन होती. सोडा भेसळीचा आहे का पाहिलं. नव्हता. विहिरीचं पाणी तपासलं. ते पिण्यालायक निघालं. तेजस्वीच्या वहीत वाख वाळला त्या दिवसाची नोंद होती: विहिरीच्या पाण्याने धुतल्यास तंतू अधिक मऊ व चमकदार होतात. खाली रेघ मारलेली. ती नोंद मीही वाचली आणि पुढं गेलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

मग एका दुपारी मी तुटलेल्या पट्ट्या टेबलावर मांडून बसलो. मी फक्त तोडतो, तुटलेल्याकडे बघत नाही, पण मे महिन्यात कॉलेज रिकामं असतं. जुन्या, पाचशे वीसवाल्या पट्टीच्या तोंडाशी तंतू राळेबरोबरच तुटले होते, कापल्यासारखे. नव्या पट्टीतून तंतू बोटबोट लांब बाहेर आले होते, अख्खे. ओल्या मातीतून मुळा उपटावा तसे. म्हणजे वाख तुटलाच नव्हता. त्यात ताकद होती तेवढी होती. राळेनं त्याला धरलंच नव्हतं.

मी तेजस्वीला फोन करून म्हटलं, उद्या मी कोडोलीला येतो. तू वाख कुठं भिजवलास, कुठं वाळवलास, सगळं मला दाखव. ती म्हणाली, “काका, तुम्ही कॉलेजच्या बाहेर येता?”

कोडोलीत तिचं घर गावाच्या टोकाला, पुढं अंगण, मागं गोठा. तिचे वडील आकारामतात्या अंगणात बसून दोर वळत होते. सत्तरीचा माणूस, अंगानं बारीक, आवाज मात्र पाच जणांचा. “या पावणं, या. बसा. तुम्हीच न्हवं पट्ट्या तोडणारं? आमची पोरगी लई सांगती तुमचं.” काय सांगती ते मी विचारलं नाही. तेजस्वी आत आईला, अंबूबाईंना, चहाचं सांगायला गेली.

तात्यांच्या शेजारी खुंटीला नवे दोर टांगले होते. दोन कासरे, तोंडाला बांधायच्या दोन म्होरक्या आणि दावी. बैलांचा सण, बेंदूर, तीन आठवड्यांवर होता. बेंदराला बैलांना नवे दोर घालायचे आणि तेही स्वतः वळलेले, असा त्यांच्या घरचा रिवाज. बाजारातला नायलॉनचा दोर त्यांच्या गोठ्यात आजवर आला नव्हता. “नायलॉन बैलाचं कातडं कापतंय,” तात्या म्हणाले. “दोर कसा, गळ्यात हाय का न्हाय ते जनावराला कळाय न्हाय पायजे.”

त्यांच्या मांडीजवळ एक वाटी होती. दोर वळता वळता ते त्यात बोटं बुडवायचे आणि वाखावरून हात फिरवायचे. उग्र, कडवट वास येत होता. मी विचारलं, तर म्हणाले करंजाचं तेल. कोरडा वाख हाताला कापतो, जनावरालाही कापतो. तेल पाजलं की रेशमागत होतो. त्यांच्या बापानं शिकवलेलं, बापाला त्याच्या बापानं. त्या घराच्या भिंतींनाही तो वास होता. असल्या घरात वाढलेल्या पोरीला तो वास येणंच बंद झालेलं असणार, हे मला बसल्या जागी कळलं. कॉलेजात राळेचा वास तर असा असतो की त्यात मेलेला उंदीरही लपतो.

मी विचारलं, “तात्या, तेजस्वीनं तारेवर वाळत घातला होता, त्या वाखाला पण तेल लावलं काय?”

“व्हय तर. सगळ्याला. सा किलो न्हवं का? चार दिस लागलं.” त्यांच्या बोलण्यात अभिमान होता. “पोरीनं कसल्या पाण्यात बुडीवलं कुणास ठावं, सारा वाख केरसुणीगत झालता. माझ्या अंबाडीचं असलं व्हत न्हाय कधी. मग रोज पहाटं ती उठायच्या आदी बसायचो.”

“तिनं हात लावू नका म्हणून सांगितलं नव्हतं?”

“सांगितलं की. पर तिची बोटं बघितलीसा? त्यो कोरडा वाख एक एक करून मांडती ती, साच्यात. सगळी बोटं फाटल्यात. भाकरीला मीठ लागलं तरी तोंड वाकडं करती. बोलत न्हाय, पर मला दिसतंय. मग काय करायचं बापानं?”

मी वर पाहिलं. तेजस्वी दारात उभी होती, हातात चहाचे कप. किती ऐकलं ते विचारायची गरज नव्हती. चार तास सोड्यात ठेवून तिनं त्या वाखाचा मेणचटपणा काढला होता आणि चार पहाटे बसून बापानं त्याला पुन्हा तेल पाजलं होतं. त्या पोरीचा चेहरा रागाचा झाला, मग रडण्याचा झाला, आणि मग तिनं तो पुसून टाकला. मला वाईट वाटलं. एकतीस वर्षांत वस्तू तुटताना वाईट वाटायची सवय मी ठेवलेली नाही, पण वाटलं.

“घ्या चहा, काका,” ती म्हणाली.

तात्यांनी आमच्या दोघांकडे पाहिलं. “का वो? तेलानं काय बिघडलं काय?”

तेजस्वीनं तोंड उघडलं. मला माहीत होतं ती खरंच सांगणार, आणि तो तिचा हक्क होता. आणि मला हेही दिसत होतं की एकदा सांगितलं की हा माणूस पुन्हा कधी दोर वळायला बसणार नाही. त्याच्या आयुष्यात त्याला येणारी ती एक गोष्ट होती आणि तिनंच पोरीचं वाटोळं केलं असतं.

“छे,” मी म्हणालो. “मशीन बिघडलं होतं. आकडे चुकीचे आले. सगळं परत करायचंय, एवढंच.”

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. भिंतीवर चिकटवलेला सांगलीवाल्याचा कागद डोळ्यांपुढं आला. तेजस्वी माझ्याकडे बघत राहिली.

“तरीच,” तात्या म्हणाले. “माझ्या अंबाडीत खोट न्हाय. मशिनीचं काय खरं नसतंय.”

मी चहा प्यायलो.

तेजस्वी म्हणाली, “तात्या, परत करायचं तर वाख पायजे. पाच किलो तरी.”

“आता कुठला वाख? अंबाडी अजून पेराय हाय. तुला दिला त्योच शेवटचा.” एवढं बोलून ते थांबले. मग त्यांनी मान वळवून खुंटीकडे पाहिलं. मग ते उठले, कासरे खाली घेतले, म्होरक्या घेतल्या, दावी घेतली आणि परत बसून पहिल्या कासऱ्याचं टोक सोडवायला लागले. वळायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट उकलायला लागतो. ते दोन दिवस उकलत होते, असं मला नंतर कळलं.

कोडोलीच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना तेजस्वी म्हणाली, “काका, तुम्ही मशीनवर घेतलंत.”

मी म्हटलं, “मशीनला कळत नाही.”

“तुम्हाला कळतं की.”

एसटी आली आणि मी चढलो.

या वेळी सगळं कॉलेजात करायचं ठरलं. तात्यांना सांगितलं की नवीन नियम आहे. त्यांनी नियमाला एक शिवी दिली आणि मानला. प्रयोगशाळेमागच्या व्हरांड्यात आम्ही पिंप ठेवलं. वळताना पाजलेलं तेल त्या वाखात मुरलेलं होतं, त्यामुळे गरम पाण्यात कॉस्टिक पडल्याबरोबर फेस यायला लागला. तेल आणि सोडा एकत्र आले की साबण होतो, हे शाळेत शिकलो होतो, पण पाच किलो दोरांचा साबण मी पहिल्यांदा पाहिला. फेस व्हरांडाभर झाला. शिपाई येऊन विचारून गेला की इथं कपडे धुवायची परवानगी कुणी दिली. पहिलं पाणी ओतून दिलं, दुसऱ्यांदा ताज्या सोड्यात बुडवलं, मग धुवत राहिलो. फेस यायचा थांबल्यावरही तेजस्वीनं दोन वेळा धुतलं.

वाळत घातला तेव्हा मी तिथं खुर्ची टाकून बसलो. पाटी लावली, ‘हात लावू नये’. विश्वजित सर पाहायला आले आणि त्यांनी सवयीनं एक पेड बोटांत धरला. मी त्यांच्या हातावर चापट मारली. नंतर माफी मागितली, पण चापट आधी मारली.

तेजस्वी आठ दिवस तो कोरडा वाख साच्यात मांडत होती. बोटांना पट्ट्या गुंडाळलेल्या. मी एकदा म्हटलं, हातमोजे घाल. ती म्हणाली, मोज्यातून तंतू कळत नाही. या बाबतीत ती बापावर गेली आहे.

बेंदूर त्याच आठवड्यात झाला. मी गेलो नव्हतो. तेजस्वीनं सांगितलं की तात्यांनी पन्हाळा रोडवरच्या दुकानातून नायलॉनचे कासरे आणले, हिरवे. बैलांना घालायच्या आधी त्यांना तेल लावून पाहिलं. तेल मुरेना, खाली ओघळून गेलं. मग तसेच घातले. मिरवणुकीत कुणीतरी म्हणालं, काय आकारामतात्या, यंदा बाजारातलं? तर म्हणाले, “कॉलेजातलं मशीन बिघडलंतं. त्याला माझी काय चूक?” म्हणजे सगळ्या कोडोलीत माझ्या मशीनची अब्रू गेली.

जूनच्या शेवटी मी पट्ट्या तोडल्या. पाचशे दहा. पाचशे पस्तीस. पाचशे अठ्ठावीस. सहा पट्ट्यांची सरासरी पाचशे चोवीस. प्रत्येक पट्टी तुटताना कडकन आवाज झाला आणि तोंडाशी तंतू राळेबरोबर तुटले. तेजस्वी मशीनला टेकून खाली बसली आणि रडली. मी आकडे वहीत लिहिले. विश्वजित सर आले, आकडे पाहिले आणि म्हणाले, “बघा, तपासून घेतल्यावर कसं बरोबर आलं.”

प्रबंध एकोणतीस जुलैला गेला. मी तो वाचला. सगळं इंग्रजी मला झेपत नाही, पण एकशे एकेचाळिसावं पान झेपलं. पहिला संच का रद्द केला, ते तिनं सरळ लिहिलं होतं: प्रक्रियेनंतर हाताळताना तंतूंवर करंजाच्या तेलाचा थर आला, त्यामुळे राळ सुटली. कुणी लावलं ते नाव नव्हतं. खोटं एक अक्षर नव्हतं. विश्वजित सरांनीही सही केली होती, पण सही शेवटच्या पानावर असते.

प्रबंधाची तोंडी परीक्षा, व्हायवा, डिसेंबरात झाली, माझ्या निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात. परीक्षक पुण्याहून आले होते, चष्म्यावरून बघणारे, कमी बोलणारे. व्हायवा सगळ्यांना खुली असते. आकारामतात्या नवीन फेटा बांधून पुढच्याच रांगेत बसले होते. मी दाराजवळ. तेजस्वी इंग्रजीत बोलत होती आणि तात्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. एक अक्षर कळत नसताना माणूस किती लक्ष देऊन ऐकू शकतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

परीक्षकांनी प्रबंध उघडला. पान मला लांबून दिसत नव्हतं, पण मला माहीत होतं कुठलं आहे ते. त्यांनी इंग्रजीत विचारलं की पहिला संच रद्द का केला.

तेजस्वी थांबली. मग म्हणाली, ऑइल कंटॅमिनेशन, सर.

ऑइल हा शब्द कोडोलीत सगळ्यांना कळतो. ज्याच्या विहिरीवर इंजिन आहे, त्याला तर झोपेतही कळतो. तात्यांची मान हलायची थांबली.

“कसलं ऑइल?” तात्या मराठीत म्हणाले, भर सभागृहात, आपल्या नेहमीच्या आवाजात. “कसलं ऑइल गं तेजे?”

तेजस्वीचा चेहरा पांढरा पडला. परीक्षक चष्म्यावरून बघत होते.

मी उभा राहिलो. प्रयोगशाळा सहायकानं व्हायवात बोलायचं नसतं. “मशीनचं, तात्या,” मी म्हणालो. “माझ्या मशीनमधून तेल गळतं. ते पट्ट्यांना लागलं. चूक माझी होती.”

“मी मे महिन्यापासून हेच सांगतोय,” विश्वजित सर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. “त्यांना तेव्हा पटलं नाही.”

“हो सर,” मी म्हणालो. “तुमचं बरोबर होतं.”

हे म्हणायला मला किती किलो ताण आला, ते मोजायला मशीन नाही.

परीक्षकांनी हातातल्या पानाकडे पाहिलं. त्या पानावर करंज असं नाव घेऊन लिहिलेलं होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुढच्या रांगेतल्या फेट्याकडे आणि मांडीवर ठेवलेल्या त्या दोन हातांकडे. त्यांनी पान उलटलं.

“पुढचा प्रश्न,” ते म्हणाले.

तेजस्वी डॉक्टर झाली. पेढे वाटले. विश्वजित सरांनी त्याच दिवशी अर्ज लिहिला की मशीन भंगारात काढावं, त्यातून तेल गळतं, सहायकानं सर्वांसमोर कबूल केलं आहे. अर्ज चांगला लिहिलेला आहे, मी वाचला.

संध्याकाळी मी प्रयोगशाळा बंद करत होतो, तेव्हा आकारामतात्या पेढा घेऊन आले. एकटेच. “कुठलं मशीन ते?” मी दाखवलं. ते त्याच्याभोवती एक फेरी मारून आले, बैल बघायला गेल्यासारखे. “गळतंय कुठं?”

मी एका नळीच्या जोडाकडे बोट केलं. काहीतरी दाखवायला हवं होतं.

तात्या वाकले. त्यांनी बोट जोडावरून फिरवलं, चारी बाजूंनी, सावकाश. बोट डोळ्यांजवळ नेलं. अंगठ्यावर चोळलं. बोट कोरडं होतं. एकतीस वर्षं मी रोज सकाळी ते मशीन पुसत आलो आहे. त्यांनी बोटाचा वास घेतला. मग तेच बोट धरून आपल्या तळहाताकडे बघत ते बराच वेळ उभे राहिले.

मी म्हणालो, “कधी गळतं, कधी गळत नाही.”

“व्हय,” ते म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच एका माणसाचा होता.

त्यांनी कोटाच्या खिशातून वाखाची एक लड काढली. नव्या अंबाडीचा वाख, त्याच महिन्यात निघालेला. पोरीला दाखवायला आणला असणार. ते फरशीवर बसले, वाख मांडीवर घेतला आणि दोर वळायला लागले. सवयीनं हात बाजूला गेला, जिथं घरी वाटी असते. मग तो हात परत आला. त्यांनी तो दोर तसाच वळला, कोरडा. मधे एकदा बोट कापलं, ते त्यांनी धोतराला पुसलं. मग उठून ती दोरी त्या जोडाभोवती गुंडाळली, आवळून गाठ मारली आणि ओढून पाहिली.

“आता न्हाय गळायचं,” ते म्हणाले.

मशीन अजून भंगारात निघालेलं नाही, अर्ज पुढं सरकायचाय. नवीन सहायकाला मी सगळं समजावून दिलं. त्यानं विचारलं, ही दोरी कशाला आहे, काढू का? मी म्हटलं, पुसताना तिला तेलाचा हात लावू नकोस, बाकी तुझं तू बघ.